दाढेचा आकडा

मंगळवार, संध्याकाळ. सीताबर्डी.

ओठ अजून सुन्नच आहे. आत्ता चहा पिलो तर अर्धा शर्टावर.

खालची दाढ वाचते का पाहू म्हणून आज रूट कॅनल. डॉक्टर मॅडमनं जबड्याच्या पार मागे सुई दिली. अर्धा ओठ मेला, पण मशीन दाढेले लागताच मी खुर्चीतून उसळलो. म्हटलं, "मॅडम, जीव जाऊन राहिला. उपटूनच टाका."

"थांब गा. जबड्याच्या नसेची मेन लाइन बंद केली मी. तुझ्या दाढेनं दुसरीकडून आकडा टाकलेला दिसते."

आकडा. आमच्या गल्लीतल्या मंडपाची लाइन कापली तरी खांबावरच्या तारेले टाकलेल्या आकड्यानं झालर चमकतच होती, तसं? माझ्याच तोंडात वीजचोरी?

मग बारीक सुई, थेट दाढ अन् हिरडीच्या फटीत. दोन-चार थेंब, पण जोर लावून. अन् दाढ चूप. मशीन घरघरत होती अन् मी आरामात छताचा पंखा पाहून राहिलो होतो. एवढ्याशा हाडात एवढ्या तारा ओढल्या कोणी? अन् न दिसणारी तार मॅडमले सापडली कशी?

ओठाले आता मुंग्या येऊन राहिल्या. जीभ सारखी तिकडेच जाते, चाचपून पाहते. दाढ आहे.