पंधरा दिवस न हललेल्या वस्तू

सोमवार, ३ फेब्रुवारी

काटा आज अकरा किलोमीटर चालला. मी मोजले. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, त्याच्या मागे वही आणि घड्याळ घेऊन. हातात माल होता तो फक्त साडेतीन किलोमीटर. बाकी सगळं रिकाम्या हाताने – फावडं शोधायला, टाइल्स कुठे उतरवल्या ते विचारायला, कुणीतरी पळवलेली ढकलगाडी परत आणायला.

माल वाहणाऱ्यांच्या टोळीतला तो सगळ्यात जुना. वय एक्केचाळीस. वस्तू उचलली की वजन सांगतो, म्हणून काटा. खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, तिथेच असतं. टाइल्सचं खोकं उचलून म्हणाला, "साडेसव्वीस." मी स्टोअरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. सव्वीस किलो सहाशे.

"तुमचा काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवतो, मॅडम."

हसला नाही. मीही नाही. पण खोकं परत जागेवर ठेवताना मला बरं वाटलं.

चार इमारती, प्रत्येकी सात मजले, सगळी घरं एका साच्यातली. एका मजल्याचं आतलं काम व्हायला एकोणीस दिवस लागतात. साहेबांना, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापकांना, बारा हवेत. मला घेतलंय ते त्यासाठीच. कारखान्यात करतात तेच इथे करायचं: वाया जाणारं चालणं, वाट बघणं, साठवणं, एकच काम दोनदा करणं – शोधायचं आणि काढून टाकायचं. याला लीन म्हणतात असं मुकादमाला सांगितलं. लीन म्हणजे काय? म्हटलं, सडपातळ.

"आमची माणसं बघा मॅडम. अजून किती सडपातळ करताय!"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

माल आता ज्या मजल्यावर लागेल तिथेच, लागेल त्याच सकाळी. जिना आणि लिफ्टपर्यंतच्या वाटा जमिनीवर पिवळ्या रंगाने आखल्या. वळसे बंद, सरळ जायचं. काटा: साडेचार किलोमीटर.

म्हणाला, "आता घरी जाताना एक फेरी मारावी लागेल. नाहीतर बायको म्हणेल, कामाला गेला होतास की पाहुणा म्हणून!"

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लाल चिठ्ठ्यांची पुस्तकं छापून आली. नियम सोपा. जी वस्तू पंधरा दिवस हललेली नाही ती पसारा. तिला चिठ्ठी लावायची – क्रमांक, वस्तू, जागा, माझी सही. स्थळप्रत पुस्तकातच राहते. चिठ्ठी लागलेली वस्तू माल वाहणाऱ्यांनी खाली आवारात आणायची. तिथे आठवडाभर कुणी मागितली नाही तर विकायची.

घरी आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "माझे गुडघे असे आहेत. पंधरा दिवस एका जागी बसले तर मलाही चिकटवशील एक."

"तू मागणीत आहेस," मी म्हटलं.

"कुणाच्या?"

मी सालं गोळा केली. ती सोलत राहिली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

एका दिवसात त्रेसष्ट चिठ्ठ्या! हललंय की नाही ते कुणाला विचारायची गरज नाही, धूळ सांगते. वस्तूवर आणि आजूबाजूच्या जमिनीवर सारखी धूळ बसली असेल तर ती हललेली नाही. एका वस्तूला सरासरी चाळीस सेकंद.

साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मुकादमाने टाळ्या वाजवल्या – दोन.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ब इमारत, पहिला ते तिसरा मजला मोकळा. पुढच्या मजल्याचं वेळापत्रक तेरा दिवसांवर आलं. एक दिवस उरला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काटा पडला. ब इमारत, चौथा मजला, सकाळी सव्वा अकरा. श्वास चालू होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लिहून ठेवते, विसरायच्या आत.

डक्ट म्हणजे नळ खालून वर नेण्यासाठी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमध्ये सोडलेलं भोक. एक मीटर वीस बाय नव्वद. त्यावर प्लायवूड टाकून झाकतात. चारही कोपऱ्यांना खिळे ठोकायचे असतात आणि वर लाल अक्षरात 'खाली भोक' लिहायचं असतं. चौथ्या मजल्यावरच्या प्लायवूडवर काही लिहिलेलं नव्हतं. खिळे प्लंबरने डिसेंबरात नळ टाकताना काढले आणि परत ठोकले नाहीत. सुरक्षा अधिकारी तीन साइट सांभाळतो. तो बुधवारी येतो. म्हणजे आज.

काट्याने प्लायवूड एका बाजूने उचलून उभं केलं आणि छातीशी धरलं. असं धरलं की पुढचं काही दिसत नाही. लिफ्ट समोर होती. सरळ नऊ पावलं, वळसा घालून चौदा. तो सरळ निघाला.

खालच्या मजल्यांवर डक्टला भिंती झाल्यात, तिथे झाकणं नसतात. दोन मजले खाली नळांच्या बांधणीवर अडकला, म्हणून जिवंत आहे. प्लायवूड वरच राहिलं.

मी गेले तेव्हा मुकादम त्याला खालून हाका मारत होता. शिव्याच देत होता खरं तर. "डोळे उघड, हरामखोरा, डोळे उघड!" आणि रडत होता. मी अँब्युलन्सला फोन केला. ती एकोणीस मिनिटांत आली. मी वेळ का पाहिली कळत नाही.

संध्याकाळी वर गेले. प्लायवूड जागेवर ठोकलेलं. वर लाल अक्षरं, ओली. चिठ्ठी कुणीतरी काढून नेलेली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चौकशीची बैठक. साहेब, मुकादम, सुरक्षा अधिकारी, मी. पद्धत माझीच – 'पाच का'. काही बिघडलं की पाच वेळा का विचारायचं. पहिल्या उत्तराशी माणूस सापडतो, पाचव्याशी कारण. हे वाक्य मीच प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलं होतं.

का पडला? उघड्या डक्टमध्ये पाय गेला.

डक्ट उघडा का? त्याने स्वतःच झाकण उचललं.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "झालं तर मग. निष्काळजीपणा."

"अजून तीन राहिलेत," मी म्हटलं.

"अहो, पाच म्हणजे पाचच असं कुठे आहे? कारण मिळालं की थांबायचं. उगाच पुढे जाणं हेही वायाच ना?" ते चिडले नव्हते. मला समजावून सांगत होते.

मुकादम टेबलाकडे बघत राहिला. सुरक्षा अधिकाऱ्याने सही केली. मग मी केली.

उरलेले इथे लिहिते.

झाकण का उचललं? त्याला लाल चिठ्ठी होती.

चिठ्ठी का होती? पंधरा दिवस हललेलं नव्हतं.

का हललेलं नव्हतं? न हलणं हेच त्याचं काम होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पुस्तक क्रमांक ३. स्थळप्रत २१७. 'प्लायवूड, १ नग, ब इमारत, चौथा मजला, नळांजवळ.' सही स्पष्ट. अक्षर माझं नेहमीसारखंच चांगलं आहे.

नळांजवळ! मी लिहिलं होतं – नळांजवळ. आणि खाली वाकून उचलून पाहिलं नाही. चाळीस सेकंद.

रविवार, २३ फेब्रुवारी

आई म्हणाली, "भांडणं झालीत का तिकडे?" म्हटलं, नाही. "मग तो कप किती वेळ धुणार आहेस?"

तिला सांगितलं नाही. ती आधी मला जेवायला वाढेल आणि मग म्हणेल की तुझी चूक नाही. ते मला ऐकायचं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. खाट चौदा. कंबरेखाली संवेदना नाही. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली की बघू. त्यांनी बोलताना फाइलमधून डोळे वर काढले नाहीत.

काट्याची बायको स्टुलावरून उठली. "बसा ताई." मी उभीच राहिले. तिने पदराने स्टूल पुसलं, मग बसावं लागलं.

"वजन उतरलंय माझं," काटा म्हणाला. "चौऱ्याहत्तर होतो. आता सत्तर."

"अडुसष्ट," बायको म्हणाली. "दिवसातून चारदा कूस वळवते, मला विचारा."

"बघा मॅडम, घरातच दुसरा काटा निघाला."

दोघं हसले. मला वाटलं आता उठावं. पण विचारलं. खाली डक्ट आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?

"होतं की. ते प्लायवूड डिसेंबरात मीच वर नेलं होतं. एकवीस किलो."

"मग?"

"मग काय, तुमची चिठ्ठी दिसली. म्हटलं, मॅडमनी लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असणार. भोक बुजवून घेतलं असेल. तुम्ही शंभर ग्रॅमसुद्धा सोडत नाही."

टोमणा नव्हता. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. नव्हता.

खाली येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. तिथे बसू नये असं लिहिलेलं होतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

शुक्रवारी सरकारी निरीक्षक येणार. साहेबांनी दुपारी बोलावून घेतलं. चहा मागवला, माझ्यासाठी बिनसाखरेचा. लक्षात ठेवतात.

"त्या चिठ्ठ्यांचं जुनं पुस्तक आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"ते कशाला ठेवायचं? काम झालं त्याचं. पसाराच ना तो, तुमच्याच नियमाने."

मी चहा संपवला. ते पुढे म्हणाले की जूनपासून कंपनीच्या चारही साइटवर हीच पद्धत जाणार आहे, आणि ती कुणीतरी बघायला हवी, आणि ते कुणीतरी कोण हे मला कळायला हवं. मला कळलं.

"तुम्ही हुशार आहात," दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. "एका माणसाच्या पायासाठी डोकं गमवू नका."

दोन पाय, मी म्हणणार होते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पुस्तक पिशवीत आहे. साइटवर जाताना आणि येताना. दोनदा उघडून पाहिलं, क्रमांक बदललेला नाही.

आईला शेवटी सांगितलं. अपेक्षेप्रमाणे जेवायला वाढलं. पण तुझी चूक नाही असं म्हणाली नाही. मग: "त्याला मुलं आहेत?"

दोन मुली.

"मग जे करशील ते नीट कर."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

केलं.

निरीक्षक पन्नाशीचा, खोकणारा. अहवाल वाचला, चौथ्या मजल्यावर आला, लाल अक्षरांवर बोट फिरवलं. "रंग नवा दिसतोय," म्हणाला. साहेब म्हणाले, दक्षता. मी पिशवीतून पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. २१७ वर खूण घातलेली होती. म्हटलं, ही माझी सही. मी उचलून पाहिलं नव्हतं. चौकशी दुसऱ्या प्रश्नावर थांबली, तिथेही माझी सही आहे.

त्याने दोनदा वाचलं. "तुम्हाला याचा परिणाम माहीत आहे ना?"

"हो."

माझ्यावर काय होईल ते मी आठवडाभर मोजलं होतं. नोकरी जाईल. खटला होईल. शिक्षाही होऊ शकते. पण चूक त्याची नव्हती हे कागदावर येईल, आणि त्याच्या हक्काची भरपाई कुणाला नाकारता येणार नाही. हिशोब बरोबर होता.

मुकादम जिन्यात उभा होता. मला वाट दिली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आधी सांगायचं तरी." मला वाटलं, त्याला स्वतःची भीती वाटतेय.

साहेब ओरडले नाहीत. "सोमवारी येऊन तुमचं सामान घेऊन जा." बस्स.

रात्री झोप लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

सोमवार, ३ मार्च

सामान आणायला गेले तर फाटकाबाहेर काट्याची बायको. इस्त्रीची साडी, हातात डबा. आत सोडत नव्हते.

तिने सांगितलं, साहेब बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात गेले होते, मला चहा पाजल्यानंतर. चूक माझीच, असं लिहिलेल्या कागदावर काट्याने सही केली. बदल्यात दवाखान्याचा सगळा खर्च, मुलींच्या शाळेचं बघायचं, आणि तिला ऑफिसात कायमची नोकरी. आजपासून. पहारेकरी म्हणत होता, यादीत नाव नाही, आता सगळं वकील ठरवतील.

"खटला म्हणजे किती वर्षं, ताई?"

मी म्हटलं, पाच. सहाही लागतात.

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "खरं काय ते ह्यांना माहीत होतं. मलाही होतं. बघूनच सही केली आम्ही." मग माझ्याकडे नीट बघून: "तुम्ही आम्हाला एकदा विचारलंत का?"

नाही विचारलं.