गाडीने तुझी सीट पुसली

समितीच्या सन्माननीय सदस्या आणि आमच्या घरच्या बाईसाहेब यांना नळवाल्याचा सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी आई ठणठणीत आहे आणि माझं पोट बेताबेताने कमी होतंय (आईंच्या हातच्या बिनतेलाच्या भाज्यांची कृपा). तुझा घसा कसा आहे? कोमट पाणी पीत जा. सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच नियम लावणारी तुमची समिती आणखी एक वर्ष तिकडेच थांबायला सांगतेय, थांबू की येऊ, असं तू विचारलंस. फोनवर हा विषय निघाला की आपण दोघंही नुसते खाकरत बसतो, म्हणून लिहायला बसलो. उत्तर देतोच, पण आधी आपल्या गाडीने काय दिवे लावले ते ऐक.

गेल्या आठवड्यात आईंची कवळी दुरुस्तीला न्यायची होती. दातांच्या डॉक्टरांच्या इमारतीत पार्किंग नाही, म्हणून जरा वेळ फाटकासमोरच गाडी लावली, बंद केली, पट्टा सोडतोय तोच पडद्यावर अक्षरं उमटली की अपडेट सुरू आहे, गाडी हलवू नका. (गाडी बरेच दिवस विचारत होती आणि मी 'नंतर' दाबत होतो. कंपनीने म्हणे आपल्या मनाने ठरवलंय, की सारखं 'नंतर' म्हटलं की ते 'हो' धरायचं. हा नियम तुझ्या वडिलांनी आपल्या लग्नाच्या वेळी लावला असता, तर माझ्या चपला तरी वाचल्या असत्या.) दारं उघडेनात, काचा उतरेनात. नेमका तेव्हाच फाटकातून सोफा लादलेला टेम्पो बाहेर निघाला. टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. आई मागे बसून माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. कवळी पिशवीत होती म्हणून मी थोडक्यात सुटलो.

काचेबाहेर ही गर्दी जमली. एकजण म्हणाला, त्याची गाडी आधी फोनवर परवानगी मागते. दुसऱ्याची गाडी म्हणे घरी उभी असल्याशिवाय अपडेटला हातच लावत नाही. तिसऱ्याला तर गाडीला अपडेट लागतात हेच माहीत नव्हतं, तो बिचारा घाबरून आपली गाडी बघायला गेला. मी आतून कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, दाराची यंत्रणा एका कंपनीची, सीटची दुसरीची, पडद्याची तिसरीची. पडद्याला नवं काही शिकवलं की ते दाराला कळेलच असं नाही, आणि दाराला कळलं नाही की दार बंदच राहतं. म्हणजे एकाच गाडीत तीन जावा आणि तिघींचा आपसात अबोला.

तेव्हा मला तुझं काम पहिल्यांदा नीट समजलं. माझ्या दुकानातला अर्ध्या इंचाचा नळ कुठल्याही कारखान्याच्या अर्ध्या इंचाच्या पाइपला बसतो, तो काय आपसूक बसतो? कधीतरी तुझ्यासारखीच चार माणसं एका टेबलाभोवती बसून आट्यांवरून भांडली असतील. नाहीतर गावभर पाणी गळत राहिलं असतं. गाड्यांचं आज तेच चाललंय, ज्याचा त्याचा आटा वेगळा.

बऱ्याच वेळाने दारं उघडली. टेम्पो आम्हाला आशीर्वाद देत गेला. कवळीचं काम उरकून मी निघायला म्हणून सीटवर नीट बसलो, तर सीट सरसर मागे गेली. आपण बटणांवर साठवलेली सीटची आणि आरशाची सगळी मापं अपडेटने पुसली होती. तुला माहीत नाही, पण तू गेल्यापासून मी माझं 'एक' नंबरचं बटण दाबलंच नव्हतं. तुझ्या 'दोन' नंबरच्या सीटवरच बसून, गुडघे स्टिअरिंगला टेकवून गाडी चालवत होतो. आरसाही तुझाच. त्यात मला मागच्या गाड्यांऐवजी मागची सीट दिसायची (मान का धरते, ते मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही). त्या दिवशी पाय ऐसपैस झाले आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

मग एक शक्कल लढवली. तू उंचीने आईंवर गेलीस असं सगळे म्हणतात, म्हणून घरी आल्यावर आईंनाच ड्रायव्हरच्या जागी बसवलं. त्या बसल्या उशी घेऊन, मांडीवर पर्स ठेवून, डोळे गच्च मिटून. ते माप मी 'दोन' नंबरवर साठवलं. आता ते बटण दाबलं की सीट पुढे सरकून मला थेट हॉर्नवर दाबते. मी तुझी आठवण काढली की सगळ्या गल्लीला कळतं.

आई उतरल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे तिचं माप नाही. आणि पत्रात रडगाणं गाऊ नका. थांब म्हणून लिहा, तिचं काम मोठं आहे."

तेव्हा उत्तर असं : थांब. खुशाल वर्षभर थांब. जगातल्या गाड्यांना तुझी गरज आहे. आमची काळजी करू नकोस, आम्ही मजेत आहोत.

तुझा,
गुडघे सरळ झालेला नवरा

ता. क. समितीला माझ्यातर्फे सांग : विचारल्याशिवाय अपडेट नको, आत माणूस असताना तर नकोच. अपडेट फसलं तर गाडीला पहिल्यासारखं होता आलं पाहिजे. आणि घरच्या माणसाने लावून ठेवलेलं काही पुसायचं नाही, हे ठळक अक्षरांत.

ता. क. २. आई आत कपड्यांच्या घड्या घालताहेत, तेवढ्यात लिहून टाकतो. वरचं 'थांब' त्यांच्या आज्ञेने लिहिलं. समितीत तुझ्या जागी दुसरं कोणी बसेल ग. इथे कोण बसणार? मला अजिबात करमत नाही.

मी आई. जावयांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, ते मी उघडलं. 'थांब' लिहा, असं मीच त्यांना बजावलं होतं. मोठं मन करून बघितलं बाई, जमत नाही. ये.