डीजे यास्मीनच वाजवणार

भवानी पेठ, सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सयाजीकाकांना आरोहीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली, बस्ताही बांधून झाला. मोडनिंबची ज्वारी काढून झाली असेल. काकूला धाप लागत होती, तिला दवाखान्यात नेलंत का?

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहितेय. डीजेबद्दल.

तुम्ही ठरवलेल्या डीजेवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. माझ्या लग्नात माझी मैत्रीण यास्मीनच वाजवणार. सात रस्त्याजवळ तिच्या भावाचं साउंडचं दुकान आहे, तिथंच ती शिकली. मागच्या महिन्यात एका हळदीत ती वाजवत होती, तेव्हा आईला मुद्दाम घेऊन गेले. आई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. बाबा गेल्यापासून मी तिला असं पाहिलं नव्हतं.

आणि तुम्ही त्याच आईला फोनवर म्हणालात, “पोरीच्या जातीनं डीजे वाजवायचा? आन् आपल्यात कुणी मिळंना व्हय तुमाला? ती आली तर मी मांडवात पाय ठेवणार न्हाय.” बाबांच्या माघारी कन्यादान तुम्ही करायचं ठरलं होतं, हे ठाऊक असून म्हणालात. आई त्या दिवशी जेवली नाही.

पण काका, जातीधर्माचं मला सांगू नका. हाशमचाचा तुमचा ट्रक चालवतात आणि ईदला तुम्ही त्यांच्याच घरी जेवता. यास्मीन तुम्हाला का नको, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी इतकी वर्षं बोलले नाही, एवढंच.

तुमच्या दारात, दादाच्या हळदीला, डीजेच्या गर्दीत काकूच्या भावानं, अनिलकुमारमामानं, मला हाताला धरून आत ओढलं. मी कॉलेजात होते. त्याचा हात कुठं कुठं फिरला ते लिहवत नाही. मी ओरडत होते. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? लोकांना वाटलं, पोरगी नाचतेय.

यास्मीन माझ्यासोबत पाहुणी म्हणून आली होती. तिला एकटीला दिसलं. डीजेच्या गाडीवर चढून तिनं वायर उपटली. एकदम सगळं शांत झालं आणि माझी किंकाळी पूर्ण मांडवानं ऐकली.

तेव्हा तुम्ही काय केलंत? “लग्नघरात तमाशा नको. प्यालेला मानूस हाय, सोडून दे,” असं मला म्हणालात. आणि गाणं बंद पाडलं म्हणून यास्मीनला अंगणाबाहेर घालवलंत.

तिला बघितलं की तुम्हाला ते आठवतं. आठवू दे की.

होणाऱ्या सासरी, सोमेशच्या घरी, मी हे सगळं सांगितलंय. त्याच्या आई म्हणाल्या, “वाजवणारीच पोरगी असली म्हंजे आमच्या पोरीबी मोकळ्या नाचतील.”

तेव्हा निरोप असा. तुम्ही आणि काकू जरूर या. अनिलकुमारमामाला बोलावणं नाही. तुम्ही त्याला घेऊन आलात, तर त्याला का परत पाठवतेय ते मी माईकवर सगळ्यांना सांगेन. तुम्हीच आला नाहीत, तर कन्यादानाला आई बसेल. विधवेनं बसायचं का, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला मी आहे.

आरोही

*

सोलापूर
२४ फेब्रुवारी २०२५

काका, नमस्कार.

लग्न चांगलं झालं. तुम्ही आला नाहीत. आई कन्यादानाला बसली, भटजींनी कुरकुर केली आणि मग मंत्र म्हटले. यास्मीननं असं वाजवलं की सोमेशच्या आज्या उठून नाचल्या.

काकू हळदीलाच आली. एकटी, एसटीनं, हातात एक पिशवी. दारात मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनंच मला धरलं. म्हणाली, “त्या दिशी म्याबी ऐकलं हुतं गं तुझं ओरडणं. भाऊ माझा, म्हनून तोंड शिवून बसले.” मग ती यास्मीनकडं गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. पण दोघी बराच वेळ हात धरून उभ्या होत्या.

काकू कधी परत येणार, असं तुम्ही आईला तीनदा फोन करून विचारलंत. ती आईकडंच आहे. मी आज माहेरी आलेय, ती माझ्या शेजारी बसलीय. तिनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: “मला न्यायचं आसंल तर या. पर आदी दोनी पोरींची माफी मागा, आन् मग माज्याशी बोला. तवर मी हितं बरी हाय.”

सही तिची तिनं केलीय.

तुमची पुतणी आरोही
आणि
वैजयंती