तहानेसाठी जादूचा तांब्या

मंगळवार, संध्याकाळ. लालबाग.

डायलिसिस सुरू झाल्यापासून हिला दिवसाला दोनच पेले पाणी. तहानेनं रडते, बघवत नाही. म्हणून पोटमाळ्यावरचा जादूचा तांब्या काढला. गणपतीत आम्ही दोघं मंडपात जादूचे प्रयोग करायचो, तेव्हाचा. कडेच्या बारीक भोकावर बोट दाबून ओतायचा, रिकामा दाखवायचा. मग भोकावरचं बोट उचललं की आतलं लपलेलं पाणी पुन्हा वर येतं. तिच्या वाट्याचंच पाणी त्यातून घोटघोट देतो. "संपलं" म्हणतो, थोड्या वेळानं परत काढतो. जास्त तर जात नाही ना? दोनदा मोजून भरतो.

आज घोट गिळून म्हणाली, "अहो, बोट थरथरतंय तुमचं. लोकांना कळेल."

कोणते लोक? खोलीत आम्ही दोघंच. तरी बोट घट्ट धरलं आणि तांब्या रिकामा करून दाखवला.