सुतळीच्या मापाची गाडी

मुलुंड (पूर्व)
रविवार, दुपारी, घरातले सगळे आडवे झाल्यावर

प्रिय सुनंदा,

पेट्रोल महागलं त्या वर्षी तुझ्या बाबांनी फियाट अंधेरीच्या कंपाउंडात विटांवर चढवली होती आणि चाकं माळ्यावर टाकली होती, आठवतंय? शाळेतून आलो की दप्तरं पुढच्या सीटवर फेकून आपण दोघी मागे बसायचो. तू काचेचं हँडल गोल गोल फिरवायचीस, मी वहीच्या कागदात बांधलेले मिठातले आवळे काढायचे, आणि गाडी माथेरानला निघायची. रेक्झिन इतकं तापलेलं असायचं की स्कर्ट गुडघ्याखाली ओढूनच बसावं लागे. (ती सवय शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी लावलीच होती, रेक्झिनने पक्की केली.) त्या गाडीतून आपण कुठे कुठे जाऊन आलो, आणि एकदाही पंक्चर झालं नाही. परवा केयूरच्या नव्या गाडीत मागे बसले आणि नकळत हात हँडल शोधायला लागला. तेव्हाच ठरवलं, तुला फोन नाही, पत्रच लिहायचं.

तुला तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्याहून अडीचच महिन्यांनी मोठी, आणि चिरंजीव म्हणावं तर तू भांडशील, म्हणून नुसतंच प्रिय. तुझा गुडघा कसा आहे? देवव्रतरावांची साखर ताब्यात आहे का, की अजून चहाच्या डब्यामागे पेढे लपवतात? नेरळचं अंगण, तो आंबा, त्याखालची मोकळी जागा, सगळं ठीक ना? (त्या जागेबद्दल मी मुद्दाम विचारतेय असं समजू नकोस. पुढे वाच.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे आता आहोत. गेले दोन महिने नव्हतो.

त्याचं असं झालं, केयूरला बढती मिळाली आणि त्याने जेवताना जाहीर केलं की आपण सेकंडहँड प्रीमियम गाडी घेऊया. प्रीमियम हा शब्द मला आजवर विम्यापुरता माहीत होता, तो भरायचा असतो एवढंच कळायचं. नवी साधी गाडी का नको, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आई, त्याच पैशात जर्मन येते." कुटुंबाला ऐसपैस जागा, सुरक्षित, शिवाय ऑफिसात कोणी विचारलं तर सांगता येतं. सूनबाई गंधाली म्हणाली, पायाशी जागा हवी. जानकी (आमची नात, आता अकरा वर्षांची) म्हणाली, छप्पर उघडणारी हवी, मैत्रिणीच्या गाडीचं उघडतं. मला कोणी विचारलं नाही, पण मी सांगितलं की आपली लाल गाडी अजून पहिल्या चावीला सुरू होते. त्यावर तिघं एकदम आपापल्या ताटात बघायला लागले, आणि मला कळलं की लाल गाडी एक्सचेंजमध्ये जाणार आहे. आम्हाला पार्किंग एकच.

ती लाल गाडी तुला माहीतच आहे. मधुकरने घेतलेली शेवटची वस्तू. मला पन्नाशीनंतर गाडी शिकवली ती तिच्यातच, मिठागराकडच्या रिकाम्या रस्त्यावर. मी प्रत्येक गिअरला त्याच्या तोंडाकडे बघायचे, तर म्हणायचा, "मृणाल, रस्त्याकडे बघ. मला तू पुष्कळ वर्षं बघितलंयस." क्लच जोरात सोडला की म्हणायचा, "त्याच्यावर राग काढू नकोस गं, त्याने काय केलंय?" तो गेल्यावर घरातल्या सगळ्यांनी माझी फार काळजी घेतली, पण खरं सांगू, मला उभं केलं त्या गाडीने. भाजी, लायब्ररी, डोळ्यांचा डॉक्टर, कोणाची मिनतवारी नाही. नव्या गाडीबद्दल केयूर प्रेमानेच म्हणाला, "आई, तू मात्र तिला हात लावायचा नाहीस हं. ऑटोमॅटिक असते, दणकट असते. कुठे जायचं ते सांग, मी सोडीन." पोरगा घरी येतो रात्री नऊला. नऊला मी कुठे जाऊ, सांग! लायब्ररीच्या पायरीवर बसून सुविचार वाचू?

पण आपल्याला शिकवलंय ना, मोठ्यांदा रडायचं नाही आणि कामात मदत करायची. तर मी मदत केली. आमची जुनी बिल्डिंग पाडून नवी उभी राहिली तेव्हापासून इथे स्टॅक पार्किंग आहे. म्हणजे गाडी एका लोखंडी ट्रेवर चढवायची, आपण उतरायचं, वॉचमन महादूने बटण दाबायचं, की गाडी लिफ्टसारखी वर जाते आणि खाली दुसऱ्याची येते. ट्रेच्या दोन्ही बाजूंना खांब. सेक्रेटरी श्यामसुंदर (एरवी भला माणूस, पण पार्किंगचा विषय निघाला की ठाणेदार) बजावून गेले की ट्रेबाहेर एक बोट आलं तरी चालणार नाही. मग मी सिस्टर बेनेडिक्टांच्या शिवणाच्या तासाला शोभेल अशा पद्धतीने ट्रेचं माप घेतलं. सुतळी घेतली, लांबीला गाठ मारली, रुंदीच्या जागी लाल दोरा बांधला, गुंडाळून पर्समध्ये. मेझरिंग टेपवर माझा विश्वास आहे, पण टेप वाचणाऱ्या पुरुषांवर नाही. दोघे टेप धरतात आणि तीन आकडे सांगतात.

ही सुतळी घेऊन आम्ही दर रविवारी हिंडलो. सुनंदा, मुंबईत वापरलेल्या महाग गाड्यांचा एक नियम आहे. प्रत्येक गाडी डॉक्टरची असते, आणि डॉक्टर ती फक्त रविवारी चालवतो. मरोळला तेच, चारकोपला तेच, घाटकोपरला तेच. इतके डॉक्टर जर रविवारी गाड्या घेऊन रस्त्यावर असतील तर आपण आजारी कोणत्या वारी पडायचं? मरोळची गाडी दिसायला देखणी होती, पण सीट इतकी खाली की मी बसले ती बसलेच. गंधालीने एक हात धरला, विकणाऱ्याने दुसरा, आणि विहिरीतून कळशी ओढावी तशी मला वर काढली. चारकोपच्या गाडीत अत्तराचा इतका मारा केला होता की काहीतरी लपवलंय हे उघड होतं. जानकीने सीटखालून कुत्र्याचं अर्धं चघळलेलं हाडूक काढलं. विकणारा म्हणाला, "डॉक्टर गुरांचे आहेत ना, मॅडम."

घाटकोपरला अल्पेशभाई भेटले. माणूस गोड. बसल्याबसल्या ताक मागवलं, मला "मासी" म्हणाले, आणि गाडीवरचं कापड असं ओढलं की मूर्तीचा पडदाच सरकवला. काळी गाडी, चकचकीत, छप्पर काचेचं आणि उघडणारं. जानकीचा जीव तिथेच अडकला. मी मागे बसले, आणि आतून एक बाई इंग्रजीत म्हणाली, "प्लीज फासन युअर सीट बेल्ट." सुनंदा, शपथेवर सांगते, तोच आवाज! तोच थंडपणा, तेच प्लीज, ज्यात प्लीज काहीच नसतं! मी ताठ बसले, हात मांडीवर जुळवले, आणि माझ्या तोंडून "येस, सिस्टर" निघून गेलं. अल्पेशभाईंना वाटलं मी गंधालीला म्हणाले, त्यांनी सूनबाईंना नर्स समजून लगेच ओळखीच्या हॉस्पिटलचं नाव विचारलं.

मग सुतळी. केयूरने एक टोक मागच्या बंपरला धरलं, मी पुढचं. लांबीत चार बोटं कमी. रुंदीत आरसे मिटले की लाल दोऱ्याच्या आत. केयूरने "झकास!" म्हणून मला मिठी मारली, लहानपणी सायकल मिळाली होती तेव्हा मारली होती तशी. आता अशा मिठीत गुंडाळलेल्या बाईने काय करायचं? मीही खूश झाले. व्यवहार ठरला, कागदपत्रं झाली. लाल गाडी पुढच्या रविवारी अल्पेशभाई येऊन नेणार होते.

गाडी घरी आली परवा, शुक्रवारी. पूजेची तयारी मीच केली. केयूर म्हणाला, कुंकू रंगाला लागेल, म्हणून गंधालीने पिवळ्या चिकट चिठ्ठीवर स्वस्तिक काढून ते बॉनेटला डकवलं. चाकांखाली लिंबं ठेवली. मी आरतीचं ताट घेऊन समोर उभी. केयूरने गाडी जरा पुढे घ्यायची, लिंबं चिरडायची, एवढंच. पण गाडी हलेना. नुसती किंचाळायला लागली. समोर माणूस दिसला की ही गाडी जागची हलत नाही म्हणे. मी डावीकडे सरकले, ती ओरडली. उजवीकडे सरकले, ती ओरडली. निरांजन विझलं. श्यामसुंदरांच्या मिसेस वरून म्हणाल्या, "मृणालताई, तुम्ही तिला आवडलेल्या दिसत नाही." शेवटी मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि तिथून ओवाळलं. लिंबं फुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर ट्रे. महादूने हात दाखवत दाखवत गाडी आत घेतली. आरसे मिटले. चाकं बरोबर पट्टीत. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, सुतळी जिंकली! श्यामसुंदरांनी वाकून पाहिलं आणि नाइलाजाने मान डोलावली. आम्ही केयूरच्या उतरण्याची वाट बघत उभे. केयूर उतरेना. दार दोन बोटं उघडलं आणि खांबाला टेकलं. दुसरं उघडलं, ते दुसऱ्या खांबाला. मागची दोन्ही तशीच. आम्ही गाडीचं माप घेतलं होतं गं, गाडीतून उतरणाऱ्या माणसाचं घेतलं नव्हतं!

आतून केयूरचा चेहरा, बाहेरून आमचे. महादू म्हणाला, "साहेब, श्वास धरा, पोट आत घ्या." साहेबांनी घेतलं. साहेबांचं पोट प्रीमियम आहे, नाही जमलं. रिव्हर्स घ्यावा तर मागे निम्मी बिल्डिंग गोळा झालेली, आणि ती गाडी माणसं बघून किंचाळायचं थांबेना. महादू सगळ्यांना मागे हटवायचा, पण मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं म्हणून ते आणखी पुढे यायचे. तेवढ्यात जानकी ओरडली, "बाबा, छप्पर!" आणि सुनंदा, तुझा भाचा, बढती मिळालेला माणूस, इस्त्रीच्या पँटमध्ये काचेच्या छपरातून वर आला. आधी केस, मग खांदे, मग थोडा वेळ काहीच नाही (ते पोट), आणि मग बाकीचा. महादूने त्याच्या काखेत हात घालून त्याला खांबावरून उतरवलं. आत राहिलेली बाई शांतपणे म्हणाली, "प्लीज फासन युअर सीट बेल्ट."

मी हसले नाही. त्याची आई आहे मी. घरी येऊन, बाथरूमची कडी लावून, नळ सोडून मग हसले. बाहेर आले तर पोरगा खिडकीशी बसला होता, बाप बसायचा तसा, हात मागे बांधून. म्हणाला, "आई, माझीच वाट लागली ना?" मी त्याला आल्याचा चहा दिला. म्हटलं, "गाडी छान आहे रे. आपणच तिच्या मापाचे नाही."

आता स्थिती अशी आहे. ती गाडी केयूरने छपरातून पुन्हा आत उतरून (माणसांना आधी घरी पाठवून) मागे घेतली. श्यामसुंदरांनी पाहुण्यांच्या जागेत आठ दिवस दिलेत, वर एक मिनिट नाही. परत घ्यायला अल्पेशभाई तयार नाहीत. ताक मात्र पुन्हा पाजलं. आणि ट्रेवर उभी राहू शकेल, दार उघडेल, माणूस दारातून माणसासारखा उतरेल अशी आमच्या घरात एकच गाडी आहे. काल रात्री केयूरने स्वतःच अल्पेशभाईंना फोन करून सांगितलं, लाल गाडी न्यायला येऊ नका, तिचे पैसे भरतो. मी तेव्हा भाजी निवडत होते. मान वर केली नाही. पण मेथीची एक जुडी दोनदा निवडली.

बाकी तुझ्या गुडघ्याला जप. देवव्रतरावांना नमस्कार.

तुझी,
मृणालिनी

ता. क. : आता मुद्द्याचं. तुमच्या आंब्याखालची जागा. ती काळी गाडी तिथे ठेवून घेशील का? केयूरला मी म्हटलं, सुनंदाकडे अंगण आहे, दर शनिवारी आपण लाल गाडीने नेरळला जाऊ, तिथे तुझी गाडी काढू, कर्जतपर्यंत फिरवू, परत आंब्याखाली ठेवू आणि लाल गाडीने घरी येऊ. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाला, आई, हे वाईट नाही गं. येत्या शनिवारी तो काळी घेऊन पुढे निघेल, मागून लाल घेऊन मी. कल्याणच्या पुढे तो मागे आणि मी पुढे असेन, ते सोड.

ता. क. २ : हे पत्र कोणाला दाखवू नकोस. घाटकोपरला सुतळी धरली होती तेव्हा मी म्हटलं होतं, "केयूर, दार उघडून एकदा बघ." तो म्हणाला, "आई, तू मध्ये बोलू नकोस, तू फक्त सुतळी धर." सिस्टर बेनेडिक्टांचा नियम तुला माहीत आहे, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मी सुतळी धरली. सुतळीला लाल दोऱ्याच्या पुढे एक निळा दोराही बांधलेला होता, खांब ते खांब, उघड्या दाराचा. कोणी विचारलंच नाही.

ता. क. ३ : शनिवारी काय कोणाला, ते आताच लिहून ठेवते, तिथे आल्यावर आपण बोलत बसू आणि राहून जाईल. डिकीत लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे, ती तुला. (हो, तीच पूजेची लिंबं. चिरडलेली नाहीत, उरलेली.) साखर न घातलेल्या खजुराच्या वड्या देवव्रतरावांना, आणि चहाच्या डब्यामागचे पेढे त्या बदल्यात माझ्या हाती द्यावेत. काळ्या गाडीची एक किल्ली तुझ्याकडे, दुसरी माझ्याकडे. केयूरने मागितली की त्याला मिळेल. लाल गाडीतला गणपती काळ्या गाडीत जाईल, तिला गरज जास्त आहे. शाळा सोडताना सिस्टरनी दिलेलं, प्रवाशांना सांभाळणाऱ्या सेंट ख्रिस्तोफरचं पदक मात्र लाल गाडीतच राहील, मधुकरने स्वतः आरशाला बांधलंय. छपराचं बटण जानकीचं. मागची उजवी खिडकी तुझी, डावी माझी. आवळे मी आणीन. पुढच्या दोन्ही सीटा दप्तरांना.