कोंबड्याच्या टोपीचं कापड

बेर्तिंग,

तुझ्या झुंजीच्या कोंबड्याची नवी टोपी माझ्या पायाच्या शिरांसाठीच्या दाबाच्या मोज्याची आहे, हे सकाळी कामाला निघताना कळलं. तुला हलवून विचारलं, तर कूस बदलत म्हणालास, "मोजाच आहे ना, लीगाया, लग्नाचा झगा तर नाही! डोळे झाकले नाहीत तर बिथरतो तो." आणि परत घोरायला लागलास.

दुकानात मी नऊ तास उभी राहून लोकांना चपला-बूट दाखवते. बसायला मनाई आहे. हे मोजे मिळायच्या आधी दोन जोड्या वाया गेल्या. पहिली मी संध्याकाळी सुजलेल्या पायाच्या मापाने घेतली, ती घसरायची. म्हणून दुसरी लहान घेतली, ती गुडघ्याखाली काचायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घरच्या कुणाकडून तरी माप घ्या. तुला चारदा सांगितलं. दर रविवारी झुंजीचं पातं बांधायला कोंबड्याचा पाय दोऱ्याने मोजतोस, पण माझ्या पायासाठी तुला वेळ मिळाला नाही. शेवटी मीच वाकून मोजला. तिसरी जोडी नीट बसली आणि अकरा दिवस शीर ठणकली नाही.

आज मोज्यांशिवाय उभी राहीन. सुटल्यावर बहिणीकडे, लुमेनकडे राहायला जाईन, तिथून माझं कामाचं दुकान दोन मिनिटांवर आहे. माप लिहून ठेवते: घोटा बावीस, पोटरी सदतीस सेंटिमीटर. तशीच जोडी घेऊन येणार असशील तर ये, नाहीतर येऊ नकोस.

कोंबड्याला मका घातलाय. तुझं तू बघ.

लीगाया