सैल केलेला चाप

धानोरा, पौष वद्य पंचमी, सन १९३८

डाव्या हाताने लिहितो आहे, तोही थरथरतो. उजवा लुळा पडला, म्हणून रिव्हॉल्वर माझ्या लेकीच्या, सुमनच्या हाती दिलं. चौदा वर्षांची पोर, चाप तिला ओढवेना. म्हणून तळोद्याच्या मिस्त्रीकडून घोड्याची आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, सैल करून आणली. सरावात एक बार उडाला नाही, तेव्हा काडतूस सादळलं असेल म्हणून मी सोडून दिलं. का सोडून दिलं?

आज दिवेलागणीला बिबट्या गोठ्याच्या दारात आला. सुमन माझ्यापुढे झाली, नेम धरला, चाप ओढला. नुसतं टक. पुन्हा ओढला, पुन्हा टक. सैल कमानीमुळे घोड्याचा घाव काडतुसाला पुरलाच नाही. मी कंदील फेकून मारला, तेव्हा तो वळून कपाशीत शिरला.

सुमन पांढरीफटक पडली होती. "आबा, मन्हं काय चुकनं?"

"तुन्हं नही, पोरी. मन्हं चुकनं. कमान मीच ढिली कराले लावी."

तिने न उडालेली काडतुसं काढून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाली, "पहिलासारखी कडक करी लई या. मी दोन्ही हात लाईसन ओढसू."

तळोद्याला जायला उद्या सकाळीच गाडी जुंपायला सांगितलं आहे. बिबट्या परत येणार, हे दोघांनाही ठाऊक आहे.